फॉस्फेट केलेल्या पत्र्यावरचे डाग: टोनर वाढवण्याआधी पाणी तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव एमआयडीसीतला एक छोटा कारखाना कूलरच्या बॉड्या आणि लोखंडी कपाटं बनवतो. पत्रा सीआर (थंड लाटलेला), फॉस्फेटिंगची, म्हणजे पेंट धरावा आणि गंज लागू नये म्हणून पत्र्यावर फॉस्फेटचा थर चढवायची, सात टाक्यांची लाइन घरचीच, पुढे पावडर कोटिंग (कोरडी रंगपूड मारून ओव्हनमध्ये भाजणं). फॉस्फेट होऊन जॉब (लाइनवर टांगलेले नग) वाळले की खालच्या कडेला पांढरे ओघळ दिसतात, पत्र्याला घडी मारलेली असते तिथे पिवळट डाग येतात आणि मध्येच एखादा निळसर पट्टा निघतो. मार्चपासून त्रास वाढलाय. केमिकलवाला म्हणतो टोनर (फॉस्फेट लवकर चढावं म्हणून त्या टाकीत टाकतात ते केमिकल) वाढवा. वाढवला तर पट्टे आणखी आले. कोटिंगचा मिस्तरी म्हणतो थिनरनं पुसून घ्या. काय करायचं?

पहिलं काम म्हणजे टोनर थांबवा. तुम्ही सांगितलेले तीन डाग ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यातली दोन तर फॉस्फेटच्या टाकीत तयारच होत नाहीत. जॉब एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाताना, धुताना आणि वाळताना ती तयार होतात. आपण मात्र सगळं लक्ष त्या एका टाकीवर ठेवतो, कारण महागडं केमिकल तिच्यात असतं आणि केमिकलवालाही तिच्याचबद्दल बोलतो.

डाग कुठे पडलाय ते आधी पाहा, रंग नंतर. जॉब ज्या बाजूनं टांगला होता त्याच बाजूनं हातात धरा. पांढरा ओघळ खालच्या कडेला, कोपऱ्यात, भोकाच्या खाली असेल तर तो पाण्यातला क्षार आहे. पाणी तिथे गोळा होतं आणि शेवटी तिथेच आटतं. पांढरी भुकटी वरच्या, आडव्या बाजूवर बसलेली असेल आणि कोरडं बोट फिरवल्यावर पिठासारखी निघत असेल, तर तो फॉस्फेटच्या टाकीतला गाळ, म्हणजे स्लज. टाकी ढवळली गेली, गाळ वर आला आणि बसायला सपाट जागा मिळाली तिथे बसला. पिवळा डाग घडीतून बाहेर ओघळल्यासारखा असेल तर घडीत गंज काढायचं ॲसिड अडकलेलं आहे. पिवळेपणा सगळ्या अंगावर सारखा असेल तर मात्र तो उघड्यावर धरलेला गंज आहे. निळसर, किंचित चमकणारा पट्टा म्हणजे तिथे फॉस्फेट नीट चढलेलंच नाही.

आता पांढऱ्या ओघळाबद्दल सविस्तर, कारण खान्देशात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात असा माझा अनुभव आहे.

तुम्ही कूलर बनवता, म्हणून हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही: मे महिना संपता संपता कूलरच्या गवतावर जो पांढरा थर चढतो, तोच तुमच्या दरवाजाच्या खालच्या कडेला चढतोय. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. तापीकाठच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे, आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की ते आणखी जड होतं. एमआयडीसीच्या नळाचं पाणी आणि आवारातल्या बोअरचं पाणी यांत मोठा फरक असू शकतो. मार्चपासून तुमच्याकडे नळाचं पाणी कमी पडून बोअर जास्त चालायला लागलाय का, हे एकदा पाणी भरणाऱ्या माणसाला विचारा. मालकाला हे बहुधा माहीत नसतं.

हिशोब साधा आहे. उभा टांगलेला सपाट पत्रा चांगला निथळू दिला तरी एका चौरस मीटरवर साधारण ५० ते १०० मिली पाणी चिकटून राहतं. पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षाराचं माप) १००० असेल तर एक लिटरमध्ये १००० मिलिग्रॅम क्षार असतो. म्हणजे दर चौरस मीटरमागे ५० ते १०० मिलिग्रॅम क्षार तुम्ही ओव्हनमध्ये पाठवता. फॉस्फेटचा थर स्वतःच पेंटखाली दीड ते तीन ग्रॅम प्रति चौरस मीटर असतो. त्या मानानं क्षार थोडा वाटेल, पण तो पसरलेला नसतो. सगळा खालच्या दोन इंचांत जमतो.

पाण्यावर शंका असेल तर वाद घालत बसू नका, थेंब टाकून पाहा. फॉस्फेट होऊन चांगली वाळलेली, डाग नसलेली एक पट्टी घ्या. आडवी ठेवा. तिच्यावर ओळीनं चार थेंब टाका: एक बोअरच्या पाण्याचा, एक फॉस्फेटनंतरच्या धुण्याच्या टाकीतला, एक पॅसिव्हेशनच्या (फॉस्फेटचा थर पक्का करायच्या शेवटच्या) टाकीतला आणि एक बॅटरीत टाकायच्या पाण्याचा. कोणता थेंब कुठला ते पट्टीच्या काठाला पेन्सिलीनं खुणावून ठेवा. मग पट्टी ओव्हनमध्ये वाळवा आणि उजेडात तिरपी धरून पाहा. बॅटरीच्या पाण्याचा थेंब जवळपास दिसणार नाही. बाकीच्या तिघांची कडी उमटेल, आणि ज्याची कडी सर्वांत जाड तो तुमचा गुन्हेगार. धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत एका शेडमध्ये लाइनवरचा पोऱ्या मला छातीठोक सांगत होता, "पानी ते एकदम चोख शे ना भाऊ!" पाणी दिसायला चोखच होतं. पट्टीवर मात्र दुसऱ्या थेंबाची कडी पहिल्यापेक्षा दुप्पट जाड आली, म्हणजे बोअरपेक्षाही धुण्याची टाकी जास्त खराब होती.

असं का होतं तेही आकड्यात पाहा. समजा एका खेपेत दोन्ही बाजू धरून १० चौरस मीटर पत्रा जातो. दर चौरस मीटरला ८० मिली धरले तर प्रत्येक खेप फॉस्फेटच्या टाकीतलं ८०० मिली द्रावण उचलून धुण्याच्या टाकीत नेते. टाकी १००० लिटरची, पाणी साचलेलं. ५० खेपांनंतर त्या पाण्यात ४० लिटर फॉस्फेटचं द्रावण मिसळलेलं असतं. म्हणजे तुम्ही जॉब धूत नाही, चार टक्के फॉस्फेटच्या पाण्यात बुचकळून काढता. घड्या, नळ्या, चॅनेल असलेला जॉब याच्या दुप्पट-तिप्पट ओढून नेतो.

म्हणून धुण्याची टाकी साचलेली नको, वाहती हवी. एका कोपऱ्यात तळापाशी पाणी आत सोडा आणि समोरच्या कोपऱ्यात वरून ओसंडू द्या. कित्येक ठिकाणी नळ आणि ओव्हरफ्लो एकाच बाजूला, वरच असतात. ताजं पाणी आलं तसं वरच्या वर निघून जातं आणि खालचं पाणी महिनाभर तेच राहतं. पाण्याची टंचाई आहे हे कबूल, म्हणून पाणी उलट्या दिशेनं फिरवा. शेवटच्या धुण्याच्या टाकीचं ओसंडलेलं पाणी फॉस्फेटनंतरच्या धुण्यात, आणि तिथलं ओसंडलेलं पाणी ॲसिडनंतरच्या धुण्यात. तेच पाणी दोनदा-तीनदा कामाला येतं आणि सर्वांत स्वच्छ पाणी सर्वांत शेवटी जॉबला लागतं.

टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. तो घ्या आणि आत येणाऱ्या पाण्याचा आणि धुण्याच्या टाकीचा आकडा दर पाळीला भिंतीवर लिहा. आत येणाऱ्या पाण्यापेक्षा टाकीचा आकडा दीडशे-दोनशेनं वर गेला की पाणी बदलायचं, हा माझा नियम. शेवटच्या धुण्याला मात्र बोअरचं पाणी चालणारच नाही, ते कितीही वाहतं ठेवा. तिथे आरओ किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणीच हवं. नवं पाणी ५० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या (हे पाण्याच्या वीजवाहकतेचं माप, क्षार जास्त तितका आकडा मोठा) आत असावं, आणि वापरून वापरून टाकी १००च्या पुढे गेली की बदलावं. टाकीपेक्षाही चांगलं माप म्हणजे जॉबच्या खालच्या कोपऱ्यातून ठिबकणारं पाणी वाटीत धरून मोजणं, कारण ओव्हनमध्ये तेच जाणार आहे.

सगळी टाकी आरओच्या पाण्यानं भरणं परवडत नसेल तर एक जुगाड सांगतो, चालतो. कपाशीवर फवारणीसाठी पाठीवरचा पंप मिळतो तसा नवा कोरा घ्या. औषध मारलेला पंप धुऊनसुद्धा नको, फवारणीच्या औषधात मिसळलेलं चिकटं द्रव्य जात नाही. त्यात आरओचं पाणी भरा आणि शेवटच्या टाकीतून वर आलेल्या जॉबवर बारीक फवारा मारा, वरून खाली, टाकीवरच टांगलेला असताना. पत्र्याला चिकटलेलं खारं पाणी खाली ढकललं जातं आणि त्याची जागा स्वच्छ पाणी घेतं. एका खेपेला काही लिटर पाणी पुरतं.

आता उन्हाळ्याची दुसरी बाजू. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो आणि शेडच्या पत्र्याखाली त्याहून जास्त. डिग्रीझिंगच्या (पत्र्यावरचं तेल काढायच्या) टाकीतून ६०-७० अंशांवर तापलेला पातळ पत्रा वर आला की निथळता निथळताच वरचा भाग वाळायला लागतो. त्यात गरम होतं म्हणून कुणीतरी लाइनवर मोठा पंखा सोडलेला असतो. डिग्रीझिंगचं अल्कली पत्र्यावर एकदा वाळलं, विशेषतः त्यात सिलिकेट असेल, तर पुढच्या टाकीत दोन बुचकळ्या मारून ते निघत नाही. त्या जागी फॉस्फेटचे स्फटिक धरत नाहीत आणि तिथेच तुमचा निळसर पट्टा उमटतो. तुमच्या पट्ट्याची वरची कड सरळ आडवी आहे का पाहा. असेल तर त्या उंचीपर्यंत पत्रा वाळला होता असं समजा. डिसेंबरात हाच पट्टा का दिसत नाही याचं उत्तरही त्यातच आहे.

उपाय असा की निथळायला २० ते ३० सेकंद, त्याहून जास्त नको. जॉब थोडा तिरपा टांगायचा म्हणजे पाणी एका कोपऱ्यातून पटकन उतरतं. पंख्याचं तोंड माणसांकडे, लाइनकडे नाही. आणि डिग्रीझिंगच्या टाकीवर जॉब असतानाच साध्या पाण्याचा हलका फवारा, म्हणजे पत्रा ओला राहतो. गरम टाकीतून तसंही पाणी उडत असतं, फवाऱ्याचं पाणी ते भरून काढतं. शक्य असेल तर मे महिन्यात लाइन पहाटे लावा आणि दुपारी वेल्डिंग-असेंब्ली करा. खान्देशात शेतमजूरसुद्धा दुपारी बांधावर बसतात, लाइननं काय पाप केलंय!

डिग्रीझिंग झालं की नाही याची तपासणी फुकट आहे. धुतल्यानंतर जॉब वर घ्या आणि पाण्याचा पडदा पाहा. अर्धा मिनिट तो अखंड राहिला तर पत्रा स्वच्छ. कुठे पाणी फाटलं, थेंब-थेंब झालं तर तिथे तेल आहे. मार्करच्या खुणा, स्टिकरचा गोंद आणि वेल्डिंगचे शिंतोडे चिकटू नयेत म्हणून मारतात तो सिलिकॉनचा स्प्रे हे तीन पदार्थ साध्या डिग्रीझिंगला दाद देत नाहीत. सिलिकॉनचा स्प्रे तर फॅब्रिकेशनमधून हद्दपारच करा, पाण्यात मिसळणारा बिनसिलिकॉनचा मिळतो.

पिवळ्या डागाकडे येऊ. तुमचा डाग घडीच्या जागी आहे, म्हणजे मला डिरस्टिंगच्या, म्हणजे ॲसिडनं गंज काढायच्या, टाकीवर संशय आहे. दरवाजाच्या कडेला पत्रा दुमडून चपटा केलेला असतो. त्या फटीत हायड्रोक्लोरिक ॲसिड शिरतं आणि पुढच्या कुठल्याही धुण्यात बाहेर येत नाही. ओव्हनमध्ये पत्रा तापला की ते उकळून बाहेर येतं, लोखंड खाऊन आलेलं असल्यामुळे पिवळंतांबूस ओघळतं. हा डाग पुसून पावडर मारली तर काही आठवड्यांनी त्याच घडीतून पेंट फुगून वर येतो. मग कूलर घेणारं गिऱ्हाईक दुकानदाराला आणि दुकानदार तुम्हाला शिव्या घालतो.

मी उलट विचारतो, सीआर पत्रा ॲसिडमध्ये बुडवताच का? नवा, तेल लावलेला, गंज नसलेला पत्रा डिग्रीझिंगमधून थेट पुढे जाऊ शकतो. लाइनला सात टाक्या आहेत म्हणून प्रत्येक जॉबनं सातही टाक्यांत डुबकी मारायलाच हवी असं नाही. गंजलेले जॉब आणि एचआरचे (गरम लाटलेले) अँगल वेगळे काढा, त्यांनाच ॲसिड द्या. घडीचा जॉब गंजलेलाच असेल तर हायड्रोक्लोरिकऐवजी फॉस्फोरिक ॲसिडवर चालणारं डिरस्टिंग वापरा. हळू चालतं आणि महाग पडतं, पण फटीत थोडं राहिलं तरी हायड्रोक्लोरिकमधल्या क्लोराइडइतका घात करत नाही. डिझाइन तुमच्या हातात आहे, तर घडीच्या खालच्या टोकाला आणि बंद चॅनेलच्या कोपऱ्यात ५-६ मिलिमीटरची भोकं ठेवा आणि जॉब भोक खाली येईल असा टांगा. हँगरवाल्या पोराला हे एकदा हातात धरून दाखवा, कागदावर लिहून उपयोग नाही.

ॲसिडची आणखी एक खोडी असते. टाकी उघडी असेल आणि वारा लाइनच्या दिशेनं असेल तर तिची वाफ शेजारच्या टाक्यांवर निथळत असलेल्या ओल्या जॉबवर बसते. गंज मग सगळ्या अंगावर धरतो आणि तुम्ही फॉस्फेटचं केमिकल बदलत बसता. टाकीवर झाकण ठेवा, काम नसताना तर नक्कीच.

लाइट गेली तर काय, हेही ठरवून ठेवा, कारण पिवळ्या डागांची अर्धी लॉटरी त्याच वेळी लागते. होइस्ट (जॉब उचलणारं यंत्र) मध्येच थांबला, जॉब ओला लटकतोय, अर्ध्या तासात पिवळा. ज्या जॉबला अजून फॉस्फेट झालेलं नाही ते हातसाखळीनं परत डिग्रीझिंगच्या टाकीत सोडा. अल्कलीत लोखंड गंजत नाही. वीज आली की तिथूनच पुढे चालू करा. ज्यांना फॉस्फेट झालंय त्यांना अल्कलीत घालायचं नाही, थर खराब होतो. ते धुऊन, आरओचा फवारा मारून, हवेनं कडा झटकून उन्हात तिरपे उभे करा. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन अशा वेळी ओव्हनचं काम करून टाकतं. फॉस्फेटच्या किंवा ॲसिडच्या टाकीत जॉब बुडालेला असेल तर तो सर्वांत आधी बाहेर काढायचा.

आता टोनर. तुमचा केमिकलवाला खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. टोनर म्हणजे सोडियम नायट्राइट. तो कमी पडला तर फॉस्फेट सावकाश चढतं, टाकीत विरघळलेलं लोखंड साठतं आणि थर काळपट-पिवळट, खरबरीत येतो. जास्त झाला तर पत्र्याचा पृष्ठभाग फॉस्फेट चढायच्या आधीच निष्क्रिय होतो, थर पातळ आणि निळसर राहतो, शिवाय गाळ वाढतो. तुमच्याकडे टोनर वाढवल्यावर पट्टे वाढले, याचा अर्थ उघड आहे.

टोनर मापून टाकायचा असतो, मगानं नाही. सॅकरोमीटर नावाची काचेची वाकडी नळी मिळते. ती टाकीतल्या द्रावणानं भरा, दोनेक ग्रॅम सल्फामिक ॲसिड टाका, तोंड अंगठ्यानं बंद करून उलटीसुलटी करा आणि वर साठलेला वायू किती मिली आहे ते वाचा. तो तुमचा टोनर पॉइंट. तुमच्या केमिकलला किती पॉइंट हवेत ते त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. पत्रक नसेल तर पुढचा ड्रम घेण्याआधी मागून घ्या. हे माप सकाळी लाइन सुरू करण्याआधी आणि मग दर दोन तासांनी. सकाळचं माप सर्वांत महत्त्वाचं, कारण नायट्राइट आम्लात रात्रभर टिकत नाही. सुट्टीनंतर पहिल्या दोन-तीन खेपा खराब निघतात त्याचं कारण हेच. टाकताना पाण्यात विरघळवून, टाकीभर थोडा थोडा सोडायचा. एकाच जागी ओतला तर तपकिरी धूर निघतो. तो विषारी असतो, हसण्यावारी नेऊ नका. टोनरची पोती ॲसिडच्या कॅनशेजारी ठेवू नका, सल्फामिक ॲसिडच्या डब्याशेजारीही नाही.

त्याच वेळी टाकीतलं फ्री ॲसिड (मोकळं आम्ल) आणि टोटल ॲसिड (एकूण आम्ल) काढा. दोन्हींसाठी १० मिली द्रावण आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचं द्रावण. रंगसूचक म्हणून फ्री ॲसिडला ब्रोमोफिनॉल ब्लू किंवा मिथाइल ऑरेंज, टोटलला फिनॉल्फ्थॅलिन. रंग बदलेपर्यंत किती मिली कॉस्टिक लागलं तेवढे पॉइंट. फ्री ॲसिड वर गेलं की पत्रा नुसता खाल्ला जातो, थर बसत नाही आणि ओला असतानाच गंजतो. खाली गेलं की टाकी दुधाळ होते, गाळ पडतो आणि भुकटीचा थर येतो. टाकी सांगितलेल्या तापमानापेक्षा जास्त तापवली तरी गाळच वाढतो. उन्हाळ्यात थर्मोस्टॅटकडे कुणी बघत नाही. गाळ रात्रभर बसू द्या, सकाळी न ढवळता वरचं द्रावण दुसऱ्या टाकीत काढा आणि तळ साफ करा. आठवड्यातून एकदा. हीटिंगच्या कॉइलवर पापुद्रा चढला असेल तर तोही त्याच वेळी.

फॉस्फेटच्या आधी टायटॅनियमच्या पावडरचं ॲक्टिव्हेशन (स्फटिक बारीक आणि दाट यावेत म्हणून दिलेली बुचकळी) असेल तर ती टाकी आरओच्या पाण्यातच बनवा. जड पाण्यात ते द्रावण लवकर मरतं आणि मग स्फटिक मोठे, विरळ येतात. टाकी आठवडाभरात बदलायची आणि तिच्यातून थेट फॉस्फेटमध्ये जायचं, मध्ये धुवायचं नाही. ही मधली बुचकळी मी भल्या भल्या लाइनवर पाहिली आहे, "जास्त स्वच्छ" म्हणून मारलेली.

पॅसिव्हेशनला अजूनही क्रोमिक ॲसिड वापरत असाल तर खालच्या कडेचे पिवळे ओघळ त्याचेही असू शकतात, प्रमाण जास्त झालं की येतात. ते हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि त्याचं सांडपाणी सांभाळणं छोट्या कारखान्याला जड जातं. बिनक्रोमचं घ्या आणि तेही आरओच्या पाण्यात.

वाळवताना घाई हवी. शेवटच्या टाकीतून निघालेल्या जॉबनं ओव्हनची वाट पाहायची नाही, ओव्हनच आधी तापून तयार हवा. ११० ते १२० अंशांवर दहा मिनिटं पुरतात. आत जाण्याआधी खालच्या कडेला लोंबणारे थेंब हवेनं उडवा. ती हवा मात्र तपासा: नळीसमोर पांढरा कागद अर्धा मिनिट धरा. कागदावर तेलाचा डाग किंवा ओल आली तर तुमचा कॉम्प्रेसरच डाग पाडतोय, फिल्टर बदला. हँगरही पाहा. गंजलेल्या किंवा जुन्या पावडरचा थर साठलेल्या हुकातून पाणी जॉबवर ठिबकतं आणि वरून खाली एकच तांबडी रेघ उमटते.

वाळल्यावर हात लावायचा तो सुती मोजे घालूनच. उन्हाळ्यात घामाचा एक थेंबसुद्धा मिठाचा डाग आहे. तो आज दिसत नाही, पेंटखाली दिसतो. पावडर त्याच पाळीत मारा. पावसाळ्यात तर जॉब रात्रभर तसाच ठेवूच नका, फॉस्फेटचा थर ओल धरून ठेवतो.

आणि आज जो लॉट डाग पडून उभा आहे, त्याचं काय? थिनरनं पुसू नका. थिनर तेल काढतो, क्षार काढत नाही, नुसता पसरवतो. पांढऱ्या ओघळाला आरओच्या पाण्यात ओली केलेली, धागे न सोडणारी फडकी चालते; किंवा पूर्ण जॉब परत आरओच्या पाण्यातून काढून लगेच वाळवा. गाळाची भुकटीही अशीच जाते. पिवळा गंज पॉलिश पेपरनं घासलात तर गंजाबरोबर फॉस्फेटही जातं आणि उघड्या लोखंडावर पावडर बसते. तो जॉब सोलून, म्हणजे जुना थर पूर्ण काढून, परत लाइनवर घ्या, दुसरा मार्ग नाही. निळसर पट्ट्याचं मी जॉब बघून ठरवीन. घरात कोरड्यात राहणारं कपाट असेल तर एका नमुन्यावर पावडर मारून ब्लेडनं चौकटी कापा, टेप लावून ओढा. पावडर धरून राहिली तर जाऊ द्या. कूलरच्या बॉडीला हा निकष लावायचा नाही. ती चार महिने जड पाण्यात भिजत उभी राहणार असते, आणि पाण्याच्या ट्रेच्या कोपऱ्यात अर्धवट फॉस्फेट म्हणजे पुढच्या हंगामात परत आलेला माल. करड्या रंगात फिकट-गडद फरक असेल, पण थर सगळीकडे आहे आणि बोटाला काही लागत नाही, तर तिथे वेळ घालवू नका. वेगवेगळ्या पत्र्यावर रंग थोडा बदलतोच. भारतीय मानकांमध्ये आयएस ३६१८ आणि आयएस ६००५ ही दोन पत्रकं फॉस्फेटिंगवरच आहेत. मोठ्या पार्टीशी रंगावरून वाद झाला तर तीच समोर ठेवा.

हे सगळं केलं, पाणी सुधारलं, टोनर जागेवर आला आणि तरीही काही ठराविक जॉबवरच चट्टे येत राहिले, तर पत्र्याकडे वळा. डिग्रीझिंग करून धुतलेल्या कच्च्या पत्र्यावर पांढरं फडकं जोरात घासा. फडकं काळं झालं तर पत्र्यावर तो बनवणाऱ्या पोलाद कारखान्यातूनच आलेला कार्बन आहे, आणि त्याच्यावर फॉस्फेट धरत नाही. हा कार्बन बहुतेक कॉइलच्या कडेकडच्या पट्टीत असतो, म्हणून स्वस्तात मिळालेल्या कटिंगच्या पत्र्यात जास्त सापडतो. कोणता जॉब कोणत्या लॉटमधून कापला ते लिहून ठेवत असाल तर दोन दिवसांत कळेल; तो लॉट आतल्या पट्ट्यांना वापरा आणि दर्शनी दरवाज्याला दुसरा घ्या.